बांधावें कीं विकत घ्यावें?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण आपल्याकडे कोणास ठाऊक नाहीं? या दोन कार्यांत ज्यानें हात घातला त्याच्या सोशिकपणाची कसोटी लागली, एवढाच तिचा अर्थ लोक सामान्यतः घेतात. परंतु म्हणींत बांधून पाहावें असें म्हटलें आहे; बांधूं नये असें म्हटलेलें नाहीं. ज्या वस्तूवर आपला रोजचा व्यवहार अवलंबून, ती स्वतः उभी करण्यांत कांहीं शिक्षण आहे, असाही भाव तिच्या पोटांत असावा, असें आम्हांस वाटतें. हल्लीं मध्यमवर्गीय कुटुंबांत घराप्रमाणेंच आणखी एका वस्तूविषयीं हा प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. ती वस्तु म्हणजे टेबलावरचा संगणक. सुटे भाग आणून तो घरीं जुळवावा, कीं कंपनीनें तयार केलेला विकत घ्यावा? बाजारांत याच प्रश्नाचें रूप 'असेंबल्ड हवा कीं ब्रँडेड?' असें असतें, आणि विचारणारा व सांगणारा दोघेही तो पैशाचा प्रश्न समजून चालतात. आमच्या मतें तो मुळांत जबाबदारीचा प्रश्न आहे. आणि म्हणूनच त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त असें झालें. 14 ऑक्टोबर 2025 रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज 10 या प्रणालीची नेहमींची देखभाल थांबविली. नवी प्रणाली जुन्या प्रोसेसरवर बसत नाहीं. त्यामुळें चांगल्या चालत्या असंख्य यंत्रांवर एका दिवसांत म्हातारपणाचा शिक्का बसला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं एकाच आठवड्यांत आम्हांस दोन ठिकाणांहून सल्ला विचारण्यांत आला. एक ठिकाण नांदेडचें, दुसरें लातूरचें. नांदेडास आम्हीं 'बांधा' म्हणून सांगितलें आणि लातुरास 'विकत घ्या' म्हणून सांगितलें. दोन्ही कुटुंबांस ओळखणाऱ्या एका स्नेह्यानें त्यावर आम्हांस हंसत हंसत विचारलें, "तुमचें तत्त्व नांदेडाहून लातुरास जाईपर्यंत वाटेंत बदललें काय?" प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उत्तर होय.

नांदेडचे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची कन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकते. घरच्या जुन्या संगणकाच्या जागीं नवा आणावयाचा, तर तो आपण स्वतः जुळवूं, असा तिचा आग्रह. वडिलांस तो पोरकटपणा वाटे. ते आम्हांस म्हणाले, "अहो, पेन हवें म्हणून कोणी पेन बांधीत बसत नाहीं. दुकानांत जावें, पावती घ्यावी, मोकळें व्हावें." त्यावर कन्या म्हणाली, "बाबा, आपल्या घराची वायरिंग तुम्हीं स्वतः उभें राहून करून घेतलीत. कोणती तार कोठें गेली हें तुम्हांला अजून पाठ आहे. मग या पेटीच्या आंत काय आहे, तें आपल्याला नको का कळायला?"

लातूरच्या गृहस्थांचा मामला निराळा. महाविद्यालयांच्या वस्तींत त्यांचें एक लहानसें दुकान आहे. विद्यार्थ्यांचे ऑनलाइन अर्ज भरणें, प्रमाणपत्रांच्या प्रती काढणें, शुल्काचा भरणा करून देणें, हा त्यांचा व्यवसाय. 'लातूर पॅटर्न' या नांवानें त्या शहराच्या अध्यापनपद्धतीची ख्याति महाराष्ट्रभर झाल्यापासून दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुलें तेथें राहून शिकतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत अशा दुकानांसमोर रात्रीं उशिरांपर्यंत रांग असते. त्यांचे मेहुणे हौशी. भाग आणून यंत्र जुळवून देतों, दोन पैसे वांचतील, असें ते म्हणत होते.

आतां प्रथम पैशाचा विचार करून तो बाजूस सारूं. तयार यंत्र बनविणाऱ्या कंपनीस भाग घाऊक दरानें मिळतात, आपणांस किरकोळीनें. उलट, जुळवणारास जें नको तें घ्यावें लागत नाहीं, आणि जें चांगलें हवें तेथें तो चार पैसे अधिक घालूं शकतो. अठरा टक्के वस्तु व सेवा कर दोहोंकडे सारखाच. नांदेडचे हौशी लोक भागांसाठीं सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरपर्यंत जातात, लातूरचे पुण्यास. तो जाण्यायेण्याचा खर्च हिशेबांत कोणी धरीत नाहीं. त्यांतच 2025 च्या अखेरीस, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे कारखान्यांचा माल वळल्यामुळें, 'रॅम' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या स्मृतिपट्ट्यांच्या किंमती एकाएकीं चढल्या. तात्पर्य, या महिन्यांत जें स्वस्त तें पुढील महिन्यांत महाग ठरतें. ज्या तराजूचा कांटा असा रोज हलतो त्यावर घरांतील निर्णय तोलणें शहाणपणाचें नव्हे.

मग 'बांधणें' म्हणजे येथें नेमकें काय? ऑगस्ट 1981 मध्यें अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें आपला घरगुती संगणक बाजारांत आणला, तेव्हां घाईमुळें तो बहुतांशीं इतरांकडून विकत घेतलेल्या भागांचा बनविला, आणि त्याच्या मंडलांचे आराखडेही पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. त्यामुळें इतर कंपन्यांस त्याच्याशीं जुळणारीं यंत्रें व भाग करतां येऊं लागले. पुढें मापें ठरत गेलीं. अमुक मदरबोर्डाचे खिळे अमुक ठिकाणीं यावयाचे, अमुक पॉवर सप्लायचा आकार अमुकच असावयाचा, असें ठरून गेलें. म्हणून आज एखादी मुलगी एक स्क्रूड्रायव्हर घेऊन दुपारच्या तीन-चार तासांत संगणक उभा करूं शकते. परंतु तिनें प्रोसेसर घडविलेला नसतो. तो एका देशांत रेखाटलेला व बहुधा दुसऱ्याच देशांत घडविलेला असतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें 1991 सालीं 'परम' महासंगणक उभा केला, त्यांतीलही प्रोसेसर इंग्लंडांतून आणलेले होते. तेव्हां या विषयांत बांधणें म्हणजे निवडणें व जोडणें, याहून अधिक नाहीं. त्या शब्दाचा वृथा अभिमान कोणीं बाळगूं नये.

तथापि जोडणें ही क्षुल्लक गोष्टही नव्हे. नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास रथाविषयीं विचारलेला प्रश्न वाचकांस आठवत असेल. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जूंही नव्हे. मग रथ कोठें आहे? सगळे अवयव विशिष्ट रीतीनें एकत्र आले म्हणजे त्यांस आपण रथ म्हणतों. संगणकाच्या बाबतींत हा जुना प्रश्न अत्यंत व्यावहारिक होऊन बसतो. सुट्या भागांपैकीं प्रत्येकाची हमी त्या त्या कंपनीनें दिलेली असते. प्रोसेसरची तिची, मदरबोर्डाची तिची. पण पेटी बंद करून कळ दाबली आणि पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं, तर दोष कोणाचा? प्रत्येक कंपनी म्हणणार, आमचा भाग ठीक आहे. अवयवांची हमी आहे, रथाची नाहीं. रथाची हमी ज्यानें तो जोडला त्याची. कंपनीचें यंत्र घेतांना आपण जें विकत घेतों तें मुख्यतः हेंच: समग्र वस्तूबद्दल उत्तर देणारा एक माणूस. आणि स्वतः जुळवितांना आपण जें पत्करतों तेंही हेंच: तो माणूस आपण व्हावयाचें.

प्रश्न असा मांडला म्हणजे दोन्ही बाजूंचें बळ नीट दिसूं लागतें. विकत घेणारास आळशी म्हणण्याची जी रीत हौशी मंडळींत आहे ती अन्यायाची आहे. घराची पारख बांधणारापेक्षां त्यांत राहणारास अधिक असते, असें ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे. ज्यास संगणकावर लिहावयाचें, हिशेब ठेवावयाचा किंवा मुलांस शिकवावयाचें, त्यानें आपली बुद्धि त्या कामांत खर्च केली तर त्यांत कमीपणा कसला? आपण सर्वच गोष्टी स्वतः करूं लागलों तर कोणतीच धड होणार नाहीं. दुसऱ्याच्या कौशल्यावर विश्वास टाकणें हाही समाजाचा एक धर्म आहे.

पण या विश्वासास मर्यादा आहे, आणि ती आम्हीं स्वानुभवानें शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक आटोपशीर, देखणा, तयार संगणक घेतला. हमीची मुदत संपली आणि पुढच्याच मे महिन्यांत, पारा बेचाळिसावर असतांना, त्याचा पॉवर सप्लाय जळाला. बाजारांत त्या कामाचे भाग पुष्कळ होते. परंतु आमच्या यंत्रांतील भाग त्या कंपनीच्या स्वतंत्र आकाराचा, त्यामुळें दुसरा कोणताही बसेना. दुकानदारानें यंत्र ठेवून घेतलें आणि आम्ही तीन आठवडे फेऱ्या घातल्या. खर्चापेक्षां आम्हांस बोचली ती आमची असहायता. चार वर्षें ज्या यंत्रावर आम्हीं लेखन केलें, त्याचें झाकण आम्हीं एकदांही उघडलेलें नव्हतें. विकत घेतलेली जबाबदारी मुदतीनें बांधलेली असते. मुदत संपली कीं ती न सांगतां आपल्या दारीं येऊन बसते, आणि आपण तिला ओळखीतही नसतों.

हा वाद घरगुती यंत्रांपुरताच नाहीं. आपल्या देशांत संगणक आले तेच हा वाद घेऊन. 1955 च्या सुमारास कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें इंग्लंडांतून एक संगणक विकत आणला. त्याच काळांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें मात्र आपला संगणक आपणच बांधावयाचें ठरविलें. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं 1956 त एक लहान नमुना उभा केला, 1960 त पूर्ण यंत्र चालूं केलें, आणि 1962 सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. पण यंत्र पुरें होईपर्यंत जग निर्वात नळ्यांवरून ट्रान्झिस्टरांवर गेलें होतें. 1964 त त्याच संस्थेनें अमेरिकेंतून सी. डी. सी. 3600 हा मोठा संगणक विकत आणला. वरवर पाहणारास हा पराभव वाटेल. आम्हांस तो विवेक वाटतो. बांधण्याचा हेतु शिकणें हा होता आणि तो सफळ झाला. यंत्र जुनें झालें तरी तें करणारीं माणसें जुनीं झालीं नाहींत. विकत घेण्याचा हेतु देशभरच्या शास्त्रज्ञांचीं अडलेलीं गणितें सोडविणें हा होता. तेथें आपल्या शिक्षणासाठीं इतरांस तिष्ठत ठेवणें योग्य झालें नसतें. एकाच संस्थेनें दहा वर्षांच्या आंत दोन्ही मार्ग धरले, आणि दोन्ही वेळीं ती बरोबर होती.

आमच्या मराठवाड्यानें हाच प्रश्न एकदां अतिशय दारुण रूपांत पाहिला आहे. संगणकाच्या चर्चेंत त्याचें नांव घेतांना आम्हांस संकोच होतो. परंतु बांधणें आणि मिळणें यांतील भेद त्याच्याइतका स्पष्टपणें दुसऱ्या कशांतही दिसत नाहीं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे, गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां, किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त केलीं. हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. पुढें पुनर्वसन दोन रीतींनीं झालें. अत्यंत हानि झालेलीं 52 गांवें नव्या जागीं वसवून तेथें लोकांस तयार घरें देण्यांत आलीं. कमी हानि झालेल्या शेंकडों गांवांत मात्र घरमालकांस हप्त्याहप्त्यानें पैसा व अभियंत्यांचें मार्गदर्शन देऊन घरें त्यांचीं त्यांनींच दुरुस्त करावीं, मजबूत करावीं, असें ठरलें. आणि गांवोगांव 'संवाद सहायक' म्हणून स्त्रियांनीं हें काम लोकांस समजावून दिलें. पहिल्या रीतीनें निराधारांस लौकर छप्पर मिळालें; ज्यांच्या घरांत बांधावयास हात उरले नव्हते त्यांस बांधा म्हणणें क्रूरपणाच झाला असता. पण सरळ रुंद रस्त्यांवरच्या त्या एकसारख्या घरांत जुन्या गल्लीचा शेजार नव्हता, आणि भिंत मजबूत कां आहे हें राहणारास कळण्याचा प्रसंगही आला नव्हता. कांहीं ठिकाणीं लोकांनीं पुढें त्याच घरांस जुन्या, धोक्याच्या पद्धतीच्या भिंती जोडल्या. दुसऱ्या रीतींत ज्यांनीं लक्ष घातलें त्यांस कोपऱ्यांत कोणता सांधा कां घालावयाचा, हें हातानें कळलें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. भूकंपांत जीं घरें पडलीं तीं कोणीं बांधलेलीं होतीं? तींही लोकांचीं स्वतःचींच. गोल दगडांच्या, मातींत रचलेल्या जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद, हें आपल्या प्रांतांतील पिढ्यान्पिढ्यांचें बांधकाम. उन्हाळ्यांत थंडगार, भूकंपांत प्राणघातक. म्हणजे स्वतःच्या हातानें केलें एवढ्यानें वस्तु चांगली ठरत नाहीं. हा आक्षेप आम्ही पूर्णपणें मान्य करतों, आणि त्यामुळेंच आमचें म्हणणें पुरें होतें. स्वतः बांधण्याचें मोल हाताच्या श्रमांत नाहीं; आपण जें जोडलें त्याबद्दल उत्तर देण्याची तयारी व त्यासाठीं लागणारें ज्ञान मिळविण्याची तयारी, यांत तें आहे. ती नसेल तर बांधणें हा केवळ हट्ट. आणि हट्टाचा भुर्दंड बहुधा हट्ट करणाऱ्यास नव्हे, तर त्याच्या छपराखालीं झोंपलेल्यास पडतो.

यावरून आम्हांस दोन कसोट्या सुचतात. पहिली: ही वस्तु मोडली तर मी उत्तर देईन काय, निदान उत्तर शोधीन काय? दुसरी: मी उत्तर शोधीत असेन तोंवर नुकसान कोणाचें? पहिलीचें उत्तर होय असेल आणि नुकसान माझें किंवा संमति देणाऱ्या माझ्या माणसांचें असेल, तर खुशाल बांधावें. किंबहुना शिकणाऱ्यानें बांधावेंच. परंतु माझ्या शिकण्याची किंमत ज्यानें मला ती परवानगी दिलेली नाहीं अशा तिऱ्हाइतास भरावी लागणार असेल, तर माझें कौशल्य केवढेंही असो, तेथें विकत घेणें हेंच कर्तव्य होय.

नांदेडच्या घरांत संगणक एक आठवडा बंद राहिला तर वडिलांचीं कांहीं पत्रें अडतील, आणि त्याबद्दल ते रागावतील. त्यांचा तो हक्क आहे. म्हणून आम्हीं बांधा म्हटलें, पण मुलीस तीन अटी घातल्या. पॉवर सप्लाय आणि यू. पी. एस. यांत काटकसर करावयाची नाहीं, कारण आपल्याकडील विजेचा दाब व उन्हाळा कोणाचीच भीड धरीत नाहीं. प्रत्येक भागाची पावती, हमीची मुदत व बसविल्याची तारीख एका वहींत लिहावयाची. आणि जुळवितांना वडिलांस शेजारीं बसवावयाचें. लातूरच्या दुकानांत मात्र यंत्र बंद पडलें तर मेहुण्यांची हौस फिटेपर्यंत कोणा शेतकऱ्याच्या मुलाच्या अर्जाची मुदत टळून जाईल, आणि त्याचें वर्ष वायां जाईल. त्या मुलानें मेहुण्यांस परवानगी दिलेली नव्हती. म्हणून तेथें आम्हीं विकत घ्या म्हटलें. मात्र करार करण्याआधीं जागेवर येऊन दुरुस्त करण्याच्या हमींत लातूर शहर येतें कीं नाहीं, तें लिहून घ्या, आणि आंतले भाग सर्वसामान्य मापाचे आहेत कीं नाहींत, तें झाकण उघडून पाहूनच घ्या, असेंही सांगितलें. शिवाय जुनें यंत्र टाकूं नये. मेहुण्यांनीं आपली हौस त्यावर भागवावी, एक एस. एस. डी. बसवून व लिनक्स घालून तें पत्रें टंकण्यासाठीं आणि प्रती काढण्यासाठीं सज्ज ठेवावें. दुरुस्ती हा तिसरा मार्ग बांधणें व घेणें यांच्या भांडणांत नेहमीं विसरला जातो.

आमचें तत्त्व वाटेंत बदललें नाहीं, हें आतां आमच्या स्नेह्यांस पटावें. नांदेडास गेलों तेव्हां त्या संगणकाची कळ पहिल्या वेळीं दाबल्यावर पडदा काळाच राहिल्याची हकीकत वडिलांनींच आम्हांस सांगितली. मुलीचा चेहरा उतरला. पण तिनें कोणास फोन केला नाहीं. पेटी पुन्हा उघडून एक एक भाग तपासतां तपासतां रॅमची एक पट्टी खांचेंत पुरती बसली नसल्याचें दीड तासानें सांपडलें. "खटकन् आवाज आला पाहिजे, तो आला नव्हता," असें निवृत्त गुरुजी आम्हांस मोठ्या अधिकारानें समजावून सांगत होते. आणि वहींतील त्या दिवसाची नोंद त्यांच्याच अक्षरांत होती.